लोहारणीची कंबर

पाटकरी आला तेव्हा लोहारीण आतल्या खोलीत उताणी पडून छत बघत होती. छत आता तिला तोंडपाठ झालं होतं. वर्ष होत आलं, बाईची दुपार अशीच जायची. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, आराम करायचा. मग काय विचारता! घरातल्यांनी तिला काचेचं भांडंच करून टाकलं. बादलीला हात लावला की सासू ओरडायची, खाली पडलेला चमचा उचलायला गेली की नवरा हातातलं काम टाकून धावायचा. आणि एवढं जपूनही कंबर दुखायची ती दुखायचीच. उलट दिवसेंदिवस जास्त.

बाहेर भट्टीपाशी काहीतरी जड आपटलं. तिने आवाजावरूनच ओळखलं, दांडा आहे, मनगटाएवढा जाड तरी असणार.

"मोडला बघ," पाटकरी सांगत होता. कालव्याचे दरवाजे उघडून शेतांना पाणी सोडायचं, हे त्याचं काम. "एका दरवाजाचा दांडा मोडला म्हणून बाकीचे तपासले, तर सगळेच गंजलेत. सगळे नवे करायचे. टोक चपटं करायचं, भोक पाडायचं, वाक द्यायचा. पाणी सुटायला अजून दोन-अडीच महिने आहेत. हे करून दिलंस की कालव्याची पुढची सगळी कामं तुझ्याकडे."

लोहाराने मोडका दांडा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "एकट्याच्या हातोडीने हे व्हायचं नाही रे बाबा. समोरून घण मारणारं माणूस लागतं. आणि माझं माणूस आडवं झालंय."

आडवं झालंय! आतमध्ये लोहारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठायला गेली, पण कंबरेत अशी कळ आली की तोंडातून शब्दही फुटला नाही. आडवी होती ती आडवीच राहिली.

"बघ बाबा," पाटकरी म्हणाला. "शहरात मशीनवाला आहे, पण त्याच्याकडे ही रांग. काही जमलं तर कळव."

जेवताना लोहाराने विषय काढला. ताटाकडे बघतच काढला, म्हणजे मनात आधीच ठरलेलं होतं.

"मेव्हणा परत विचारत होता. शहरातल्या गोदामावर पहारेकरी हवाय त्यांना. खुर्चीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं. या हंगामानंतर जावं म्हणतो."

"आणि ऐरण?"

"भंगारवाला घेईल."

लोहारणीने हातातला घास ताटात ठेवला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला घण उचलता येत नव्हता. महिन्याभरात येऊ लागला, आणि वर्षभरात तर अशी गोडी लागली की विचारू नका. लाल लोखंडावर नेमका ठोका पडला की हातापासून टाचेपर्यंत जे काही होतं, ते ज्याने घण मारलाय त्यालाच कळणार. लोक लांबून आवाज ऐकून म्हणायचे, लोहारणीचा हात चाललाय. आणि ती ऐरण भंगारात?

"असंच असतं गं," सासू म्हणाली. तिची कंबर इतकी वाकली होती की बसल्या जागी ती ताटावर ओणवी झाल्यासारखी दिसायची. "मीही मारलाय घण. माझी कंबर गेली, तेव्हा तुला आणली. आता तुझी गेली. नात काही घण धरायची नाही, ती तिकडे शहरात शिकतेय, आणि बरंच आहे ते. संपलं म्हणायचं."

"काय संपलं? मी काय मेले का?" लोहारीण एवढ्या जोरात बोलली की तिची तिलाच कळ लागली.

दुसऱ्या दिवशी टेलर कात्रीला धार लावून घ्यायला आला. हा टेलर दोन वर्षं असा वाकडा चालायचा की पोरं मागून नक्कल करायची. आज ताठ! कात्री लोहाराच्या हातात दिली आणि दारात बसलेल्या लोहारणीसमोर पठ्ठ्याने वाकून चक्क पायाचे अंगठे धरून दाखवले.

"अगं बाई!" लोहारीण म्हणाली. "कुठलं औषध घेतलंत?"

"औषध कसलं वहिनी! शाळेमागच्या रिकाम्या गोदामात या. आरोग्य केंद्राच्या ताई येतात, आठवड्यातून दोनदा. कंबरवाल्यांचा व्यायाम. सगळे आपल्यासारखेच मोडके आहेत. लाजू नका."

"दुखणं गेलं का पूर्ण?"

टेलरने डोकं खाजवलं. "गेलं असं नाही. येतं अधूनमधून. पण आता ते माझं ऐकतं. आधी मी त्याचं ऐकायचो."

कात्रीला धार लावता लावता लोहार कुरकुरला, "तडा गेलेला दांडा वाकवून बघतात का कधी? उरलासुरला असेल तोही तुटायचा." पण लोहारणीच्या डोक्यात ते अंगठे बसले होते. शुक्रवारी ती भिंतीला हात लावत लावत गोदामात पोचली.

तिथे बघते तर काय, सतरंज्यांवर माणसंच माणसं उताणी. टेलर, ट्रॅक्टरवाला, शाळेतल्या स्वयंपाकीणबाई, दोन म्हाताऱ्या. पुरुषमाणसांच्या ओळीत पाय वर करून पडायचं म्हटल्यावर लोहारणीला घाम फुटला. ट्रॅक्टरवाला तर मधल्या विश्रांतीत चक्क घोरत होता. त्या घोरण्यानेच तिला हसू आलं आणि हसता हसता ती कधी आडवी झाली, तिला कळलं नाही.

ताई वयाने लहान, पण बोलण्यात एकदम खणखणीत. "काकू, दुखतंय म्हणजे काहीतरी तुटतंय, असं नाही. तुम्ही आणलेले डॉक्टरांचे कागद मी बघितलेत. कंबर घाबरलीय. वर्षभर तिला काही करू दिलं नाहीत, ती अजूनच घाबरली. तिला हळूहळू सांगायचं, घाबरू नकोस. गुडघे जवळ घ्या. श्वास सोडा. छान. आता उठून उभ्या राहा आणि माझ्याकडे बघत वाका."

"वाकू?"

"वाका."

लोहारीण वाकली. गुडघ्यापर्यंत हात गेले. दुखलं, पण काही कडकडलं नाही, काही सुटून पडलं नाही. अजून थोडी वाकली. वर्षभरात पहिल्यांदा तिची बोटं स्वतःच्या पावलांच्या इतकी जवळ गेली होती. तिला एकदम रडूच आलं, आणि सगळ्या गोदामाने टाळ्या वाजवल्या. टेलरने तर शिट्टी मारली.

त्या दिवसापासून बाईच्या अंगात वारं शिरलं. सकाळी उठली की अंथरुणातच पाय जवळ घेणं, मग भिंतीला पाठ लावून खाली बसणं, मग कालव्यापर्यंत चालत जाऊन परत येणं. चमचा पडला की नवरा धावायच्या आत तिने उचललेला असायचा. एक दिवस भरलेली बादली उचलून ती सासूच्या समोरून गेली, तेव्हा म्हातारीने असा आरडाओरडा केला की शेजारी बघायला आले. लोहार मात्र बायकोकडे बघायचा आणि हातोडी अशी जपून चालवायचा, की जणू घरात कुणीतरी आजारी झोपलंय.

महिना झाला असेल, आणि नको ते झालं.

गोदामात बाकावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, असा व्यायाम चालला होता. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. "चालू ठेवा हं," म्हणत त्या बाहेर गेल्या. फोन लांबला. थोड्या वेळाने टेलर थांबला, स्वयंपाकीणबाई थांबल्या, ट्रॅक्टरवाला तर कधीचाच भिंतीला टेकला होता. लोहारीण थांबली नाही. मांड्या थरथरायला लागल्या, कंबरेत आग पेटली, टेलर म्हणाला, "वहिनी, बस झालं की!" पण ती आपली खाली, वर, खाली, वर. ताई आत आल्या तेव्हा तिचा चेहरा काळवंडला होता.

दुसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येईना.

लोहार उंबऱ्यात उभा राहून ओरडला, "सांगत होतो की नाही? तडा गेलेलं लोखंड ठोकत बसलं की काय होतं, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? संपले तुझे खेळ!" ओरडताना त्याचा आवाज फाटला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. लोहारणीला ते कळलं आणि जास्तच वाईट वाटलं. तिने तोंड भिंतीकडे करायचं ठरवलं, पण तेवढंही वळता येईना.

दुपारी ताई घरी आल्या. बरोबर टेलरही होता, अपराध्यासारखा मागे उभा. ताई सरळ अंथरुणाशेजारी जमिनीवर बसल्या.

"चूक माझी आहे, काकू. पण मला एक सांगा, बाकीचे थांबले, तुम्ही का नाही थांबलात?"

लोहारणीला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही कुठे थांब म्हणालात?"

"पण दुखत होतं ना?"

"दुखणारच. म्हणून काय थांबायचं?" आणि मग तिने पडल्या पडल्या समजावून सांगितलं. लोहार हातोडीने दाखवतो, ठोका कुठे हवा. त्याची हातोडी जिथे पडेल तिथे घण पडला पाहिजे. आणि काम झालं की तो हातोडी ऐरणीवर आडवी ठेवतो. ती आडवी झाल्याशिवाय घणवाल्याने थांबायचं नसतं. लोखंड लाल असताना आपल्या मनाने थांबलं तर ताव वाया जातो, परत तापवावं लागतं, कोळसा जातो, वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे लाज जाते. सासूने पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. हात तुटला तरी चालेल, पण आपणहून घण खाली ठेवायचा नाही.

ताई बघतच राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकदाही स्वतःहून थांबला नाहीत?"

"एकदाही नाही," लोहारीण अभिमानाने म्हणाली.

दारातून लोहार म्हणाला, "असलं काम करणारी बाई आता व्यायाम करून सुधारणार? ताई, तडा तो तडाच."

"काका, लोखंड आपणहून भरून येत नाही. अंग येतं," ताई म्हणाल्या. "हे आजचं दुखणं जाईल. दोन-चार दिवसांत जाईल. फक्त पडून राहायचं नाही. थोडं उठायचं, थोडं चालायचं, सोपे व्यायाम तेवढे करायचे. आणि काकू, आता खरी कसरत सांगते. जे काही कराल, ते अंगात दम शिल्लक असतानाच थांबवायचं. कुणी थांब म्हणायच्या आधी. तुमचं तुम्ही."

"काम अर्धं टाकून?"

"अर्धं टाकून. दम घ्यायचा आणि परत सुरू करायचं."

लोहारणीला हे ऐकूनच कसंतरी झालं. पाय वर करणं सोपं होतं हो, त्याला काय! पण आपणहून थांबायचं? तिने नंतर घरात, कालव्याच्या वाटेवर, गोदामात हीच एक गोष्ट घोटली. चालता चालता मुद्दाम थांबायची. धुणं अर्धं ठेवून उठायची. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटायचं. सासू विचारायची, "काय गं, सोडून का दिलंस?" आणि ती म्हणायची, "दम घेते." म्हातारी कपाळाला हात लावायची. पण गंमत बघा, दम घेऊन घेऊन बाई आधीपेक्षा दुप्पट काम करायला लागली. दुखायचं. मधूनच एखादी कळ यायची. पण आता ती आली की लोहारीण घाबरत नसे. ये बाई, बस, मी जरा चालून येते, असं म्हणायची.

ताईंनी एका काठीला वाळूची पिशवी बांधून दिली. पाय कसे रोवायचे, जोर मांड्यांतून कसा आणायचा, श्वास कधी सोडायचा, हे सगळं गोदामात घोटून झालं. ती काठी फिरवायला लागली की ट्रॅक्टरवाला भीतीने कोपऱ्यात सरकायचा आणि तिथून ओरडायचा, "मारा वहिनी, मारा!" सगळं गोदाम हसायचं. पिशवीत वाळू वाढत गेली.

आणि एका सकाळी, नवऱ्याला न विचारता, बाई कालव्यावर गेली आणि पाटकऱ्याला म्हणाली, "भाऊ, दांडे पाठवून द्या."

"घण कोण मारणार?"

"मी."

पाटकऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक पाठवतो. तो नीट झाला तर बाकीचे. नाहीतर सगळे शहरात. पाणी आता तोंडावर आलंय."

घरी जो तमाशा व्हायचा तो झाला. "मला विचारलंस का?" लोहार म्हणाला. "परत आडवी झालीस तर? मी मेव्हण्याला हो म्हणून बसलोय!"

"मग त्याला सांगा, थांब म्हणून."

"तुझी कंबर..."

"माझी आहे ना? मग मी बघते. एक दांडा, अहो. एकच. तो नाही जमला, तर मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारीन."

लोहार उठला आणि भट्टीतली राख काढायला लागला.

दुसऱ्या दिवशी पाटकरी दांडा घेऊन आला आणि दगडावर मांडी ठोकून बसला. बातमी कशी फुटली कोण जाणे, टेलर दुकान बंद करून आला, स्वयंपाकीणबाई आल्या, ट्रॅक्टरवाला रस्त्यातच गाडी उभी करून आला. सासू उंबऱ्यात बसली. लोहारणीने पाय रोवले, घण दोन्ही हातांत धरला आणि तिच्या छातीत असं धडधडायला लागलं की लग्नातसुद्धा धडधडलं नसेल.

लोहाराने सांडशीने दांडा बाहेर काढला. लालबुंद! ठिणग्या उडाल्या. त्याची हातोडी पडली, टिंग. तिचा घण पडला, धाण! टिंग, धाण! टिंग, धाण! अहाहा! तोच आवाज, आणि तेच हातापासून टाचेपर्यंत जाणारं काहीतरी. तिच्या तोंडून हसू फुटलं. मांड्यांतून जोर, तोंडातून श्वास, टोक पसरत चाललं, पाटकरी पुढे वाकला, ट्रॅक्टरवाला प्रत्येक ठोक्याला मान हलवत होता. लोहाराचा चेहरा उजळला. त्याची हातोडी नाचायला लागली, तिला पुढे पुढे बोलवायला लागली.

आणि मग कंबरेत ओळखीचं काहीतरी जागं झालं. कळ नव्हती अजून. नुसती चाहूल. दांडा लालच होता. आणखी पाच-सहा ठोके सहज बसले असते. लोहाराची हातोडी पडली, टिंग.

लोहारणीने घण खाली ठेवला.

टिंग, हातोडी एकटीच वाजली. मग तीही थांबली. लाल टोक हळूहळू काळं पडायला लागलं. पाटकऱ्याने घसा खाकरला. उंबऱ्यातून सासू ओरडली, "अगं, मार की! गार होतंय!"

"होऊ दे," लोहारीण म्हणाली. "मी दम घेते. मग परत तापवा."

आता हा ओरडणार, असं वाटून तिने नवऱ्याकडे बघितलं. लोहाराने दांडा परत निखाऱ्यात सारला. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली. मग एक हात स्वतःच्या कंबरेवर ठेवून तो हळूच, अगदी हळूच, पाण्याच्या टाकीच्या काठावर टेकला. आणि त्याच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की जसा काही कित्येक वर्षांचा आत कोंडला होता.

"तुम्हाला काय झालं?" लोहारीण घाबरली.

"काही नाही गं. कंबर दुखून येते. नेहमीच येते."

"नेहमीच? कधीपासून?"

"सुरुवातीपासून." तो जमिनीकडे बघत होता. "कितीदा वाटायचं, ठेवावी हातोडी आडवी. पण समोर तुझा घण चालूच. बायको थकली नाही आणि आपण थकायचं? म्हणून मारत राहायचो. वाटायचं, ही दमली की थांबू."

लोहारणीच्या तोंडाचा आ झाला. "अहो, मी तुमच्या हातोडीची वाट बघायचे!"

आधी ट्रॅक्टरवाला फिसकन हसला, मग टेलर, मग लोहारणीला असं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं! एक म्हणतोय ही थांबेल, दुसरी म्हणतेय हा थांबवेल! लोहारसुद्धा कंबर धरून हसायला लागला.

सासू तेवढी हसली नाही. ती वाकल्या अंगाने उंबऱ्यातून ऐरणीकडे बघत होती.

"का रे," तिने लेकाला विचारलं, "तुझा बापही दमत असेल का?"

हसणं थांबलं. लोहारीण जाऊन सासूशेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या पाठीचं प्रत्येक हाड हाताला लागत होतं. म्हातारीने तो हात झिडकारला नाही.

भट्टीत दांडा परत लाल झाला. लोहार उठला, त्याने सांडशी उचलली, आणि बायकोकडे वळून आजपर्यंत कधी न विचारलेलं विचारलं.

"तयार आहेस?"

लोहारणीने पाय ताणून बघितले, खांदे सैल सोडले, कंबरेला मनातल्या मनात विचारलं.

"थांबा अजून थोडं," ती म्हणाली.

लोहाराने दांडा निखाऱ्यांच्या कडेला सरकवला आणि तो थांबला.